कंट्रोलरसाहेबांची विनाथांबा फेरी

देगलूरला रेल्वे नाही, पण रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला माणूस गल्लीगल्लीत एक आहे. वऱ्हाड हैदराबादला न्यायचं असो, सासूबाईंना तिरुपती घडवायची असो की नुसतं माहूरला जाऊन यायचं असो, हा न बोलावता येतो, ओट्यावर बसतो आणि खिशातून पेन काढतो. स्वतः जायचं नसलं तरी काढतो. त्याला प्रवासाची तेवढी हौस नसते; कोण किती वाजता कुठं उभं राहणार, हे आदल्या दिवशी माहीत असण्याची असते.

आमच्या गल्लीतले कंट्रोलरसाहेब या जातीतले अस्सल. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. पगार थांबला, नियंत्रण चालू राहिलं. मुलगा जर्मनीत, श्टुटगार्टला मोटारींच्या कंपनीत आहे. यंदा त्यानं आईवडिलांना बोलावलं आणि फोनवर सहज बोलून गेला, "तुम्ही आलात की शनिवार-रविवार स्ट्रासबर्ग करू. फ्रान्समध्ये आहे, पण आगगाडीनं दीड तास लागत नाही. बाकी आल्यावर बघू."

आल्यावर बघू! ज्या माणसानं मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर रात्री कुठं अंथरूण टाकणार याचीसुद्धा आधी चौकशी केली, त्याला पोटच्या पोरानं हे ऐकवावं? साहेब दोन घास कमी जेवले आणि दोनशे पानी वही घेऊन बसले.

आठवडाभरात वही अशी भरली, की स्ट्रासबर्गच्या नगरपालिकेनं मागून न्यावी. पहिलं पान अर्थातच तिथल्या कॅथीड्रलचं. मनोरा १४२ मीटर. १६४७ पासून १८७४ पर्यंत जगात त्याहून उंच इमारत नव्हती. मनोरा एकच, दुसऱ्याची जागा तशीच मोकळी. काकू फोटो बघून म्हणाल्या, "दुसरा कामून राहिला? पैसे खाल्ले असतील कुणीतरी." साहेबांनी समासात लिहिलं: चौकशी करणे.

पण साहेब खरे रमले ते आतल्या खगोलीय घड्याळात. आत्ताची यंत्रं १८४० च्या सुमाराची. दुपारी येशूचे बारा शिष्य एकामागून एक त्याच्यासमोरून जातात आणि वरचा कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. गंमत अशी, की हे घड्याळ तिथल्या सूर्याप्रमाणे चालतं. त्यात बारा वाजतात तेव्हा गावात साडेबारा झालेले असतात. काकूंना याचं काही नवल वाटलं नाही. "आपल्याकडं लग्नात तसंच होतंय की," म्हणाल्या. साहेब मात्र रात्री उशिरापर्यंत अस्वस्थ होते. अर्ध्या तासाचा फरक, आणि कुणाला मेमो नाही!

मग आलं 'पेतीत फ्रान्स', म्हणजे कालव्यांच्या काठची ती लाकडी चौकटींची, कलती घरं. क्यालेंडरवर असतात तशी. या नावामागं जुन्या काळचं एक इस्पितळ आहे, असं साहेबांना कळलं. तिथं कुठल्या रोगाचे लोक ठेवत, तेही कळलं; तो गुप्तरोग होता आणि लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत. साहेबांनी इकडंतिकडं बघून ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: पूर्वी इथे दवाखाना होता.

साहेबांना हे गाव परकं वाटेना, याला कारण आहे. स्ट्रासबर्ग १८७१ ला जर्मनीत गेलं, १९१८ ला फ्रान्समध्ये आलं, १९४० ला पुन्हा जर्मनांनी घेतलं, १९४४ ला पुन्हा सुटलं. घर न बदलता मुलूख बदलायची सवय देगलूरलाही आहे. साहेबांचे वडील निजामाच्या राज्यात जन्मले, १९४८ नंतर हैदराबाद राज्यात राहिले, १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात, ओटा तोच. ऱ्हाइन ओलांडून ट्राम थेट जर्मनीतल्या केल गावी जाते, हे वाचल्यावर साहेबांनी एका शब्दात निकाल दिला: "मदनूर!" तेलंगणातलं मदनूर देगलूरकराला परराज्य वाटत नाही, तसंच ते. पुढं त्यांनी मुलाला उदगीरही ऐकवलं. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६० ला उदगीरच्या लढाईत मराठ्यांच्या, सदाशिवराव भाऊंच्या बाजूनं होता, तेव्हा फ्रेंचांचं नि आपलं जुनं आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, याचा हॉटेलच्या बुकिंगला काय उपयोग?"

खरं तर 'आल्यावर बघू' म्हणणारे सगळे अशाच कुणाच्या तरी वहीच्या जिवावर म्हणत असतात. पासपोर्ट कुठंय, गोळ्या कुणाकडं, परतीची गाडी कोणत्या फलाटावर, हे ऐन वेळी वहीवाल्यालाच विचारायचं आणि प्रवास छान झाला तर श्रेय हवेला द्यायचं. चुकला तर मात्र वही सगळ्यांना आठवते.

काकूंचा वहीशी संबंध दोनदाच आला. एकदा सामान भरताना. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर, सगळं पास झालं; तुपाची बरणी साहेबांनी बाहेर काढली. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, हा नियम वहीत लाल शाईनं होता. "मग काय कोरडं खायलावता तिथं?" यावर वहीत उत्तर नव्हतं.

दुसऱ्यांदा काकूंनी दोन्ही दिवसांची पानं स्वतः वाचली आणि विचारलं, "ह्याच्यात बसायचं कुठंय?"

नव्हतं. सगळी फेरी विनाथांबा होती. साहेबांनी जरा विचार करून रविवारी दुपारी लिहिलं: नदीकाठी बसणे, २० मिनिटं (जादा).

"वीस मिनिटात माझ्या चपला काढून होतेत," काकू म्हणाल्या.

झाली मग घासाघीस. साहेब तीस म्हणाले, काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. साहेब पंचेचाळीस म्हणाले, भांडी जोरात वाजली. शेवटी तासभर मिळाला, त्यासाठी वहीतल्या 'युरोपीय संसद' या नोंदीसमोर साहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: फेरी रद्द.

आता जायला चार दिवस राहिलेत. विमान रात्रीचं, तेही हैदराबादहून. रस्ता चार-पाच तासांचा. साहेब सकाळी सहाला निघणार आहेत. मध्ये टायर फुटलं तर? दुसरं फुटलं तर? मुलानं फोनवर हसून विचारलं, "तिसरं फुटलं तर?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "तिसऱ्यासाठी पहाटे चारला निघावं लागतंय. तुझी आई तयार नाही."

परवा शेजारचा पोरगा ओट्यावर येऊन टेकला. "काका, तुम्ही गावाला चाललाव, पण तेवढं आमचं तिरुपती बसवून देता का? दिवाळीच्या सुट्टीत जायलोत."

साहेबांनी चष्मा सारखा केला, स्ट्रासबर्गची वही उलटी करून मागचं कोरं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"लेकरं किती? त्यातली गाडी लागणारी किती?"