रिकव्हरीवाले गुरुजी

सडक अर्जुनीत सकाळी कोणी ‘झोप झाली का?’ विचारलं तर लोक ‘हो जी’ म्हणतात आणि चहा सांगतात. आमचे निवृत्त गुरुजी आधी मनगट पाहतात. ‘मले तर झाल्यासारखी वाटते,’ म्हणतात, ‘पण घडी नाही म्हणते.’

पुण्याच्या मुलाने ही घडी पाठवल्यापासून गुरुजींचा स्वतःच्या अंगावरचा विश्वास उडाला आहे. आता श्रद्धा एचआरव्हीवर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधल्या फरकाच्या आकड्यावर. हृदय तालात चालतंय असं वाटलं तरी दोन ठोक्यांमधलं अंतर काही मिलिसेकंदांनी कमी-जास्त होत असतं. शरीर निवांत असलं की हा फरक वाढतो, ताणात घटतो. रात्री शरीराच्या आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरतं. खोली तापलेली असेल, तर आतली उष्णता बाहेर टाकायला हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलत बसतं. नाडी चढते, आकडा पडतो. हे गुरुजी समजावतात, आणि चक्क बरोबर समजावतात!

पंचाईत पुढे आहे. खोली अठरा अंशांची हवी, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. नवतपात आमच्याकडे भिंती मध्यरात्रीपर्यंत ऊन ओकतात. अठरा अंश शोधायचे तर थंड्याच्या फ्रीजमध्ये मान घालावी लागेल. गुरुजींनी कूलरला नव्या ताट्या लावल्या, आकडा थोडा वर गेला, आणि ती बातमी बसस्टँडपर्यंत पोचली. मग पाऊस आला. ओल्या हवेत ताट्यांवरचं पाणी उडेना, कूलर नुसता दमट वारा फेकू लागला, आकडा खाली. गुरुजींनी दोष मृग नक्षत्राला दिला. डिसेंबरात गोंदियाचा पारा दहाच्या आसपास आला, तेव्हा त्यांनी आकड्यासाठी गोधडी फेकली. रात्रभर कुडकुडले. घडीने तेही ताणातच धरलं.

वयाबरोबर हा आकडा उतरतो. तो ज्याचा त्याने आपल्याच कालच्या आकड्याशी ताडायचा असतो. गुरुजींना हे पाठ आहे. तरी शेजारच्या तरुण तलाठ्याचा आकडा आपल्या दुप्पट निघाल्याचं शल्य त्यांना आहेच. ‘पोराले काम नाही,’ एवढंच बोलले.

स्वतःचं काम मात्र ते घडीला विचारून करतात. घडीवर रिकव्हरी, म्हणजे शरीर किती सावरलं त्याची खूण, लाल असेल त्या दिवशी बांधावर जात नाहीत. ‘रोवणीच्याच दिवशी तुमची घडी लाल होते कशी जी?’ गुरुजींच्या बाईंनी एकदा विचारलं. त्या स्वतः कूलरच्या आवाजाला कंटाळून अंगणात बाजेवर झोपतात. त्यांचा आकडा कोणी मोजलेला नाही. पहाटे रोवणीला त्याच जातात.

नागपूर-रायपूर रस्त्याने जाताना कोहमाऱ्याला चहाला थांबलात आणि शेजारी मनगट निरखणारे कोणी गुरुजी दिसले, तर पावसापाण्याचं बोला, धानाच्या भावाचं बोला. झोपेचं तेवढं काढू नका. तुमची बस सुटेल.