बिनपाण्याची

आमच्या ऑफिसात चौदा पुरुष आहेत. त्यातले तेरा दाढीवाले. उरलेल्या एकानं उठून दिसायचं कसं? नुसती गुळगुळीत हनुवटी घेऊन हिंडलं तर ती कुणाच्या लक्षातही येत नाही. ती कशी गुळगुळीत केली, हे चहाच्या वेळी सांगता यायला हवं. म्हणून एका रविवारी मी जुन्या बाजारात गेलो आणि ओल्ड स्पाइसचा मग घेऊन आलो. पांढऱ्या दुधी काचेचा, त्यावर ग्रँड टर्क नावाचं शिडाचं जहाज आणि तळाशी, कुणीही हात न लावलेली, टाचेसारखी भेगाळलेली दाढीच्या साबणाची वडी. विक्रेत्यानं सहाशे सांगितले, मी साडेचारशेला पटवलं आणि जिंकल्याच्या आनंदात निघालो. वळून पाहिलं तर तो शेजारच्याला टाळी देत होता.

“लवंग-दालचिनीचा वास येतोय. पुलावाचा मसाला आणलास का?” बायकोनं दारातच विचारलं.

मी तिला साबणशास्त्र समजावून सांगितलं. अंगाच्या साबणाचा फेस क्षणात बसतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, कॉस्टिक सोड्याच्या जोडीला पोटॅश असतो, म्हणून तो फेस सायीसारखा गालावर ठाण मांडून बसतो. हा साबण १९३८ साली पुरुषांसाठी म्हणून निघाला, हेही मी जरा छाती काढून सांगितलं. लेकीनं फोनवरून मान वर न करता पुरवणी जोडली, “बाबा, त्याच्या आदल्या वर्षी हे नाव आधी बायकांसाठी निघालं होतं.”

सोमवारी सकाळी साडेसहाला आरशासमोर उभा राहिलो. ब्रश भिजवला, वडीवर घोळवला, गालावर गोल गोल फिरवला. फेस नाही. आणखी पाणी, आणखी घोळवणं. नासलेल्या दुधासारखं काहीतरी हनुवटीवरून ओघळून बनियनवर पडलं. पंधरा मिनिटांनी फेस आला, पण तो वाक्प्रचारातला.

वडिलांना हे कधी जमलं नाही असं झालं नाही. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमची वाटी होती, गोल वडी होती आणि एक ब्रश होता. तो ब्रश डुकराच्या केसांचा होता हे मला या नव्या नादात कळलं. आमच्या कडक शाकाहारी घरात तो वीस वर्षं देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात सुखानं नांदला. पण वडिलांचं खरं प्रेम पात्यावर. किंग कँप जिलेट नावाच्या अमेरिकन माणसानं वापरून फेकून द्यायचं पातं काढलं. १९०३ साली, म्हणजे पहिल्या वर्षी, त्याचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली म्हणतात. पुढे तो त्याच पात्यांवर गब्बर झाला. ‘फेकून द्यायचं’ ही त्याची कल्पना आमच्या घरापर्यंत मात्र पोचलीच नाही. वडील पातं बोथट झालं की काचेच्या ग्लासात आतल्या बाजूनं दोन बोटांनी घासायचे, आणि आणखी चार दाढ्या काढायचे. मग ते पातं आईकडे शिवण उसवायला. मग मधोमध मोडून अर्धं माझ्या कंपासपेटीत पेन्सिलीला टोक करायला, अर्धं ताईच्या. माझं अर्धं हरवलं तर घरात चौकशी बसायची. शेवटी गंजलं की ते एका डब्यात जायचं, ‘कुणाच्या पायाला लागू नये’ म्हणून. तो डबा अजून माळ्यावर आहे. जिलेटच्या वारसांनी येऊन पाहावा, आपला धंदा भारतात कुठे अडला ते.

शेवटच्या वर्षी वडिलांचा हात थरथरायला लागला. न्हावी घरी बोलवायला नको म्हणाले, म्हणून रोज ऑफिसला निघायच्या आधी मीच त्यांची दाढी करायचो. डब्यातला तयार फेस फुस्सकन हातावर घ्यायचा, फासायचा, प्लास्टिकचा रेझर फिरवायचा, सात मिनिटांत मोकळं. एकदा ते म्हणाले, “गार लागतो रे.” मी म्हणालो, “तो असतोच तसा.” आणि रेझर फिरवत राहिलो. वाटीभर गरम पाणी करायला किती वेळ लागला असता? माझ्या स्वतःच्या तोंडाशी मी आज अर्धा तास खेळत होतो.

“अरे, टँकरचं पाणी आहे ते,” बायको दाराबाहेरून म्हणाली. “माझ्या कपड्यांना साबण लागत नाही, तुझ्या तोंडाला कसा लागेल?”

अर्थात! बोअरचं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि फेसाऐवजी साका होतो, तोच बादलीला पांढरा थर म्हणून बसतो. दोष वडीचाही नव्हता आणि माझाही नव्हता. चोवीस तास पाणी असं छापील पत्रकात लिहून ज्यानं फ्लॅट विकला, त्यानं अख्ख्या सोसायटीची बिनपाण्यानं हजामत केली होती, आणि दर महिन्याला टँकरचं बिल आमच्याकडूनच जातं. उन्हाळ्यात सकाळी सहाला टँकरच्या आवाजानं जागं व्हायचं आणि त्याच आवाजानं हायसं वाटायचं, याची आता सवय झाली आहे. सवय झाली याचाच खरा राग येतो.

मी स्वयंपाकघरातल्या फिल्टरमधून भांडंभर पाणी काढलं आणि गॅसवर तापवलं. ब्रशाचे चार फेरे, आणि फेस! घट्ट, ऊन, लवंगेच्या वासाचा. मग मात्र घाईत उलटा हात मारला आणि हनुवटीच्या खळीत कापलं. तुरटी लावून ऑफिसला गेलो. चहाच्या वेळी गाल पुढे करून बसलो. एका दाढीवाल्यानं विचारलं, “सर, मांजर पाळलंत का?”

घरी आलो तर फिल्टरवर बायकोच्या अक्षरात कागद: ‘हे पाणी फक्त पिण्यासाठी आहे. तोंड बाहेरूनही असते, हे आम्हास मान्य नाही.’

कागद ओलसर लागला म्हणून कोपरा उचलून पाहिला. चिकटवायला माझाच फेस वापरला होता.