रा. रा. अपस्करण यांस



पत्र उघडच लिहितोय, कारण खासगीत सांगून आपण ऐकत नाही. इंद्रधनुष्यापायी शाळेच्या पुस्तकात आपला केवढा मान! डोळ्यांच्या दवाखान्यातल्या ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) यंत्रात आपण काय दिवे लावता, ते मात्र तिथे छापत नाहीत.

यंत्राचं काम सरळ आहे. प्रकाशाचे दोन भाग करायचे, एक डोळ्यात धाडायचा, दुसरा आरशाकडे. परतल्यावर दोघांची वाट सारखी भरली तरच व्यतिकरण. ८४० नॅनोमीटरभोवती तरंगलांब्यांचा १०० नॅनोमीटरचा पट्टा घेतला, की एका थराची हवेत जेमतेम ३ मायक्रॉन जाडीची रेघ मिळते. पाव मिलिमीटरच्या दृष्टिपटलातले थर सुटे दिसायचे, तर एवढी बारीक रेघ हवीच.

आणि नेमकी तिथे आपली स्वारी हजर! डोळ्यात सुमारे २४ मिलिमीटर बहुतांश पाणीच, तेही जाता-येता दोनदा. लांब तरंग पुढे सटकतात, आखूड मागे रेंगाळतात, आणि रेघ दहा पटींहून रुंद होते. तिची उंचीही खचते. फिकट थर गोंगाटात बुडतात.

आपला न्याय तर काय वर्णावा! पट्टा दुप्पट केला की रेघ निम्मी व्हायला हवी. आपण तिचा पसाराच दुप्पट करता. अरुंद पट्ट्याच्या दिव्याला आपण फारसे छळत नाही. पदरमोड करून रुंद पट्ट्याचा स्रोत आणणाऱ्याच्याच मानगुटीवर बसता.

पण हे शौर्य एकतर्फीच. दोन्ही भुजांत, म्हणजे डोळ्याच्या आणि आरशाच्या वाटांत, सारखं पाणी, सारखी काच असली की आपली बोलती बंद. मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८७ साली आपल्या व्यतिकरणमापीच्या एका भुजेत जादा काचपट्टी बसवून आपल्याला जागा दाखवली होती. आम्ही आरशाच्या वाटेत पाण्याची कुपी नाहीतर काचेचा ठोकळा ठेवतो. कुणी १०६० नॅनोमीटरकडे बिऱ्हाड हलवतात, कारण तिथे पाण्यात आपलं फारसं चालत नाही. तरी जाता जाता रेघेला एका बाजूने शेपूट लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

प्रत्येक डोळ्याची लांबी निराळी, कुपी मात्र एकच, एवढाच आता आपला आधार. तोही राहिलेला नाही: संगणक दर डोळ्यागणिक आपला हिशेब मांडतो आणि वजा करतो.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
दोन्ही भुजा सारख्या करता करता मेटाकुटीला आलेला एक यंत्रवाला