पहिली कयाक कशी निवडावी
(रायापूर व परिसरातील होतकरूंसाठी)

हुबळी आणि धारवाड यांच्या मध्ये रायापूर आहे. येथे इस्कॉनचे मंदिर आहे, चिगरी बसचा थांबा आहे आणि नदी नाही. तरीही पन्नाशीच्या तोंडावर ज्याला धावणे, सायकल आणि कयाक अशा तिहेरी शर्यतीची हुक्की येते, त्याच्यासाठी ही मार्गदर्शिका अनुभवांती सिद्ध केली आहे. अनुभव लेखकाचा असून तो अद्याप पुरता वाळलेला नाही.

1. प्रथम पाणी शोधावे

धारवाड पाणलोटाच्या कण्यावर बसले आहे. सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला पश्चिमेला अरबी समुद्राची वाट धरते. बेण्णीहळ्ळ मलप्रभेला मिळून कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जातो. म्हणजे खुद्द पाणीच येथून दोन्ही दिशांनी काढता पाय घेते. मागे उरतात ती नावे. कन्नडमध्ये ‘केरे’ म्हणजे तळे; त्यामुळे साधनकेरी, केलगेरी असे आमच्या पत्त्यांत पाणी भरपूर आहे. उणकलचे तळे हाकेच्या अंतरावर आहे खरे, पण जलपर्णी माजली की तेथे वल्ह्यापेक्षा विळा कामाचा.

तात्पर्य, हल्याळवरून दांडेली गाठावी. काळी नदीच्या शांत डोहात शिकावे. गणेशगुडीच्या खळाळाकडे पहिल्या वर्षी काठावरूनच आदराने पाहावे. तो सुपा धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतो आणि धरण आपल्या रजेचा अर्ज वाचत नाही.

2. स्वप्न कोणाचे, ते तपासावे

या छंदाची लागण बहुधा रात्री साडेअकराला, मोबाइलवर होते. न्यूझीलंडमध्ये 1983 पासून ‘कोस्ट टू कोस्ट’ नावाची शर्यत भरते. बेटाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत 243 किलोमीटर. त्यांतले सुमारे 70 वायमाकरीरी नदीतून, कयाकमध्ये. विजेत्याची सहा मीटरहून लांब, सुरीसारखी बोट पाहून माणूस हरखतो आणि तसलीच शोधू लागतो.

येथे थांबावे. लांब बोटीचा कमाल वेग जास्त असतो, हे खरे. पण त्या वेगापर्यंत तिला रेटणारे खांदे लागतात. ते नसतील तर लांब तळाला पाणी घासते तेवढे मात्र पदरात पडते. शिवाय त्या शर्यतीचे आयोजक ‘ग्रेड 2’च्या पाण्यात कयाक सांभाळता येते असा दाखला मागतात. आपल्या स्वप्नावर त्यांचाही भरवसा नाही, हे ध्यानी घ्यावे.

3. तोल दोन प्रकारचा असतो

पहिला तोल थांबल्यावरचा. रुंद, सपाट तळाची कयाक पाटासारखी स्वस्थ बसते. दुसरा कलल्यावरचा. काही कयाका आधी डुगडुगतात, पण कुशीवर गेल्या की ठाम सावरून धरतात. लाटांत हा दुसरा तोल तारतो. शर्यतीच्या अरुंद बोटीत पहिला तोल जवळजवळ नसतोच आणि दुसरा ओळखीनेच मिळतो.

लेखकाने हट्टाने तसलीच बोट मागून घेतली. डोह आरशासारखा होता. बसताक्षणी कंबर आपोआप थरथरू लागली, शिलाई मशीन सुरू व्हावे तशी. काठावरचा शिकवणारा मुलगा म्हणाला, “काका, नाकाखाली बघू नका, नजर लांब ठेवा.” लांब पाहण्यासाठी मान वर केली, तेव्हा आकाश होते. पुढच्या क्षणी मासे. वल्हे अजून एकदाही पाण्याला लागले नव्हते.

वर आल्यावर त्याने मला एक रुंद, बुटकी, लाल प्लास्टिकची कयाक दिली. तिच्यातून मी डोहाला तीन फेऱ्या मारल्या. शर्यतीचे गणित तेथेच उलगडले: पडणे, पोहणे, बोट काठाला ओढणे, उलटी करून पाणी काढणे आणि पुन्हा बसणे एवढ्या वेळात मंद कयाक पुढच्या वळणापलीकडे गेलेली असते.

4. अंगावरचे दागिने

कमरेभोवती जो रबरी घागरा बोटीच्या तोंडाला ताणून बसवतात, त्याच्या पुढे एक पट्टी असते. ती बाहेर ठेवावी. उलटे झाल्यावर तीच ओढून सुटका होते. आत दुमडून गेली तर फार उशिरा आठवते. सुकाणूचे पायटे आपल्या पायांच्या लांबीला जुळतात का, ते पाहावे. पुढे-मागे हवेच्या पिशव्या असाव्यात, म्हणजे उलटलेली बोट तळ गाठत नाही. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट यांवर विनोद करू नये.

5. कशाची घ्यावी, कोठे ठेवावी

कार्बनची कयाक हलकी असते आणि खिसाही हलका करते. प्लास्टिकची जड, पण दगडाचा धक्का सोसते. फायबरग्लास यांच्या मधली. नवशिक्या दगड चुकवत नाही, शोधून काढतो; म्हणून पहिली बोट जुनी, सोशिक असावी. जुनी घेताना बैठकीखालच्या आणि पायट्यांजवळच्या भेगा पाहाव्यात. आणि पाण्यात तासभर बसल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपण मडकेसुद्धा टिचकी मारून घेतो.

घरी कळवण्याची वेळ विचारपूर्वक निवडावी. “अहो, पाच मीटर म्हणजे साडेसोळा फूट. आपला हॉल चौदा. उरलेले अडीच फूट शेजारी झोपणार का?” या प्रश्नाला कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही.

6. माप

ग्रीनलंडचे इन्युइट शिकारी दुकानात जात नसत. लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते कयाक बांधत, आणि मोजपट्टी म्हणजे स्वतःचे अंग. लांबी तीन वाव. रुंदी कमरेएवढी, अधिक दोन मुठी. एकाची बोट दुसऱ्याला सहसा बेतशीर होत नसे.

हे वाचून मी थांब्याजवळच्या शिंप्याकडे गेलो आणि कमरेचे माप मागितले. टेप अंगाला लागताच सवयीने पोट आत घेतले. तो टेप तसाच धरून उभा राहिला. मीही. शेवटी तो म्हणाला, “सर, श्वास सोडा री. बसायचं तुम्हालाच आहे.”

सोडला. त्याने जो आकडा वहीत लिहिला, त्यात दोन मुठी मिळवाव्यात आणि त्या मापाची कयाक घ्यावी.