दाजी आले, तवा ठेवा

आमची गाडी मुधोळच्या गल्लीत वळली की सासूबाई तवा तापायला ठेवतात. फोन लागत नाही, हॉर्न लागत नाही. वळणावर मी ब्रेक दाबतो, पुढच्या चाकांतून दाराच्या फटीत शेपूट अडकलेल्या मांजरासारखा आवाज निघतो आणि आतून मेहुणा ओरडतो, "आई, दाजी आले!" भाकरी थापायचा आवाज मला गाडीतच ऐकू येतो. गेले सहा महिने ही सोय बिनबोभाट चालू होती. बिनबोभाट हा शब्द इथं चुकला, पण असो.

सोय मोडायची वेळ आली ती बायकोमुळं. भाच्याचा अक्षराभ्यास बासरच्या सरस्वतीपुढं करायचा ठरला, तशी ती म्हणाली, "अहो, आपण देवदर्शनाला चाललोय की देवाकडं? ब्रेक दाखवा आधी."

दाखवले. नांदेडातल्या एका सर्व्हिस सेंटरात, जिथं गाडीपेक्षा गिऱ्हाईक आधी धुतलं जातं. गळ्यात पट्टा अडकवलेल्या मुलानं टॅबवर बोट फिरवलं. पॅडचा संच 2,650. डिस्क दोन, 4,200. मजुरी 950. ब्रेकची स्वच्छता 350. वर जीएसटी. एकूण 9,617. मी म्हटलं, फक्त पॅड बदला. तो म्हणाला, "सर, डिस्कसोबतच रेकमेंड करतो आम्ही." लग्नाच्या हॉलवाले मांडवासोबत केटरिंग रेकमेंड करतात, तोच सूर. वर त्यानं धीरही दिला, की 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आलाय, म्हणजे मी फायद्यातच आहे. एवढा फायदा मला सोसण्यासारखा नव्हता. आम्ही चिरकत निघालो.

मुदखेड, उमरी, धर्माबाद. या रस्त्यावर गाव सुरू होताना एक गतिरोधक, गाव संपताना एक आणि मध्ये ज्याच्या दारात म्हैस बांधलेली त्याच्या खुशीचा एक. प्रत्येकावर आमची चीं. उमरीत एका म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवून आम्हाला वाट दिली. धर्माबादेत लाल मिरचीच्या खाटानं सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. बायकोच्या डोळ्यांतलं मिरचीचं की माझ्या गाडीचं, हे मी विचारलं नाही.

जवळच गोदावरीवरचा बाभळी बंधारा. 14 दरवाजे. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र या बंधाऱ्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि 2013 साली निकाल लागला: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. गोदावरीला ब्रेक कधी लावायचा याची तारीख ठरलीय. माझ्या गाडीचा ब्रेक कधी लागेल, हे कोर्टालाही सांगता आलं नसतं.

मुधोळला पोचलो. तवा तापलेला होताच. सासरे ओसरीवर. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं, आणि या जागेवरून ते कधी हललेले नाहीत. हललं ते बाकी सगळं. जन्मले तेव्हा हैदराबाद संस्थान, जिल्हा नांदेड. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची वाटणी झाली, धर्माबाद तिकडं राहिलं आणि मुधोळ, भैंसा, कुबीर ही गावं आंध्रात, आदिलाबाद जिल्ह्यात गेली. 2014 ला तेलंगणा झालं. 2016 ला जिल्हा निर्मल. पत्त्यात ते अजून आदिलाबादच लिहितात. म्हणतात, "जावईबापू, तुमच्या गाडीचं सोडा, इथं जिल्ह्यालाच ब्रेक नाही."

दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं सांगितलेल्या गॅरेजात गेलो. मेहुणा मागून येणार होता. उस्तादांनी आधी नंबरप्लेट बघितली. एमएच 26. भाव निघाला 2,800, दखनीत. मी मराठीत कळवळलो, तशी ते मराठीत आले, "बरं, बावीसशे द्या." मग पोऱ्याला तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्यातलं मला एवढंच कळलं, "अयिपोयिंदी." म्हणजे संपलं. पॅड संपलं, की गिऱ्हाईक संपलं, हे कळेना. इतक्यात मेहुणा उगवला. "उस्ताद, ये हमारे दाजी हैं." उस्तादांनी हात पुसले. "हौ क्या? पहले बोलना था ना. तेराशे पचास का पॅड, मजुरी नक्को. दाजी से मजुरी लेते क्या?"

चाक न फिरवता गाडी अर्ध्या किमतीत आली होती. मागं बसलेला भाचा "दाजी म्हणजे कितीला?" असं विचारत होता.

पॅड भैंशाहून आणायला मेहुण्याची मोटारसायकल गेली. तोवर उस्तादांनी चाक काढून जुना पॅड हातावर ठेवला. "कागद हो गया, साब." नव्या पॅडवर बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा थर असतो, तीन मिलिमीटर उरला की बदलावा. कडेला एक पत्र्याची जीभ ठेवलेली असते, पॅड झिजल्यावर ती डिस्कला घासते आणि ओरडते. म्हणजे सहा महिने गाडी मला मराठीत सांगत होती आणि मी ते सासरचं स्वागत समजत होतो. डिस्कवर बोट फिरवून उस्ताद म्हणाले, "लाइनां पड़े, मगर चलते. प्लेटां नक्को बदलो." 4,200 रुपये तिथंच वाचले.

वाट बघताना मी बायकोला बर्था बेंझची गोष्ट सांगितली. 1888 चा ऑगस्ट. नवऱ्याला न सांगता, दोन पोरं घेऊन, नवऱ्यानंच बनवलेल्या तीनचाकी गाडीतून बाई मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. शंभरावर किलोमीटर. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तर वाटेत मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचं पहिलं लायनिंग ते.

"फोर्ट्सहाइमला काय होतं?"

"तिचं माहेर."

बायको उस्तादांकडं वळून म्हणाली, "बघा. बाई माहेरी निघाली, तेव्हा कुठं यांना ब्रेक सुचले."

पॅड बसले. उस्तादांनी पेडल चार वेळा दाबायला लावलं आणि बजावलं, पहिले दोनेकशे किलोमीटर जोरात दाबू नका, पॅडला डिस्कशी ओळख होऊ द्या. मग खिशातून पत्रिका काढली. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न. दाजींनी यायलाच पाहिजे.

घरी हिशेब मांडला. पॅड 1,350. मेहुण्याचं पेट्रोल 100. चहा 60. पोऱ्याला पेढे 440. आहेर 1,101. एकूण 3,051. नांदेडच्या आकड्यापासून अजून लांब आहे, पण उस्तादांना आणखी तीन मुली आहेत.

लग्नाला गेलो. गल्लीत वळलो, ब्रेक दाबला. गाडी लोण्यासारखी थांबली. दार बंद. कडी वाजवली. खूप वेळानं सासूबाई डोळे चोळत आल्या, आमच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं.

"अगंबाई," त्या बायकोला म्हणाल्या, "एष्टीनं आलात का?"