पार्किंग : शून्य रुपये

शनिवारी स्वारगेटजवळच्या गणेश कला क्रीडा मंचात नाटक आहे. आम्ही राहतो कोथरूडला. ‘बसने जायचं का?’ हिने विचारलं आणि मी, याच सदरातून लोकांना ‘बसने जा’ म्हणून कंटाळा आणणारा माणूस, कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पीएमपीचं तिकीट जून 2025 पासून पाच किलोमीटरपर्यंत 10 रुपये, त्यापुढे दहापर्यंत 20. म्हणजे दोघांचे जाताना 40, येताना 40. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते, पेट्रोल शंभराच्या थोडं वर. सात-आठ किलोमीटरला विसाच्या आत काम होतं, तेही दोघांचं. पोरगं मध्ये कोंबलं तर ते फुकट. (स्कूटरची किंमत, विमा, सर्व्हिसिंग हिशेबात धरायचं नसतं. गेलेल्या पैशांचं सुतक पुणेकर पाळत नाही.) शिवाय नाटक सुटल्यावर बस मिळेल का, या काळजीत तिसरा अंक बघावा लागत नाही.

मेट्रो आहे की! 29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंत धावते. वनाझला चढा, सिव्हिल कोर्टला उतरा, जमिनीखाली 33 मीटर जा, दुसरी गाडी धरा. आणि घरापासून वनाझपर्यंत? तिथवर स्कूटर.

लोकांना पर्यावरणाची चाड नाही, असं म्हणायची पद्धत आहे. 1 नोव्हेंबर 2012 ला पुण्यात ‘बस डे’ झाला होता. एका दिवसापुरत्या जादा बस रस्त्यावर आल्या आणि एरवी कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही गाडीवर जाणारी माणसं हौसेने बसमध्ये चढली. दुसऱ्या दिवशी जादा बस गेल्या, माणसं गाडीवर परतली. चाड तीच होती.

खरी मेख कागदाच्या तळाशी सापडली. स्कूटर एवढी स्वस्त पडते, कारण रस्त्यावर ती उभी करायला दमडी लागत नाही. मार्च 2018 मध्ये महापालिकेने पार्किंगला पैसे लावायचं धोरण मंजूर केलं. बोलणं अख्ख्या शहराचं होतं, ओरड झाल्यावर ते पाच रस्त्यांवर आलं आणि तेही रखडलं. बसचं सर्वांत कमी तिकीट मात्र एका फटक्यात पाचाचं दहा झालं. त्यासाठी कुणी पाच रस्ते निवडत बसलं नाही.

पार्किंगच्या वेळी ओरड कुणी केली होती म्हणता? मी केली होती. याच सदरातून.

कागद हिच्यापुढे धरला. शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली, ‘पार्किंग : शून्य रुपये.’ शनिवारी आम्ही स्कूटरवरून जाणार आहोत.